प्रबंध पूर्ण झाल्याच्या निमित्ताने आयुष्यभर जवळ राहील असे एक पिस्तूल निवडायचे आहे

संथश्वास (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून नऊ वर्षे रेटलेला माझा प्रबंध गेल्या महिन्यात मान्य झाला. या निमित्ताने स्वतःसाठी काय घेणार असे घरच्यांनी विचारले, तेव्हा माझ्या तोंडून लगेच "पिस्तूल" हाच शब्द निघाला. गेली पाच वर्षे लिखाण अडले की मी नेमबाजीच्या केंद्रावर जात आले आहे. तिथल्या तासाभरात पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) आणि स्वतःचा श्वास यांखेरीज कशाकडेच लक्ष नसते आणि परत येऊन टेबलाशी बसले की अडलेला परिच्छेद पुष्कळदा सुटतो. त्यामुळे प्रबंधाची आठवण म्हणून घ्यायची वस्तू त्याच जागेशी जोडलेली असावी असे मला मनापासून वाटते.

आजवर मी केंद्राचीच पिस्तुले वापरली, स्वतःचे एकही नाही. परवान्याची प्रक्रिया पूर्ण झालेली आहे आणि घरात भिंतीला जखडलेली पोलादी तिजोरी आहे. उपयोग एकच, २५ मीटरवरचे कागदी लक्ष्य, तेही दोन्ही हातांनी धरून आणि सावकाश. स्वसंरक्षण किंवा अंगावर बाळगणे हा विषय माझ्यापुरता नाही. माझा पंजा लहान आहे आणि बोटे आखूड आहेत.

मनात कोल्ट १९११ च्या घराण्यातले एखादे चांगले पिस्तूल, सिग पी-२१०, सीझेड ७५ च्या वंशातले एखादे आणि स्मिथ अँड वेसन ६८६ किंवा कोल्ट पायथन यांपैकी एक रिव्हॉल्व्हर आहे. प्रत्येकाविषयी इतके वाचले आहे की आता गोंधळच वाढला आहे. ज्यांनी ही शस्त्रे वर्षानुवर्षे वापरली आहेत त्यांनी "उत्तम" म्हणजे नेमके काय पाहायचे ते सांगावे. नवे घ्यावे की जुने, आणि त्यावर तारीख कोरून घ्यावी की नाही, हेही कळले तर बरे होईल.

पोलादी

ताई, सर्वप्रथम मनःपूर्वक अभिनंदन. नऊ वर्षे एका कामाला चिकटून राहणे काय असते ते मी जवळून पाहिलेले आहे.

माझे मत १९११ च्या बाजूचे आहे आणि ते का, हे जरा सविस्तर सांगतो. जॉन ब्राउनिंग यांची ही रचना अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारली आणि १९८५ पर्यंत तीच त्यांचे अधिकृत पिस्तूल होती. निवडीपूर्वीच्या ६,००० फैरींच्या चाचणीत त्या पिस्तुलात एकही अडथळा आला नव्हता. परंतु आज लक्ष्यावरचा नेमबाज त्याकडे वळतो तो इतिहासासाठी नव्हे, तर ट्रिगरसाठी. बहुतेक पिस्तुलांचा ट्रिगर एका खिळ्याभोवती फिरतो, तर १९११ चा ट्रिगर सरळ रेषेत मागे सरकतो. चांगल्या हातांनी जुळवलेला असेल तर तो काचेची कांडी मोडावी तसा सुटतो, सुटल्यावर पुढे फारसा सरकत नाही आणि पुढच्या गोळीसाठी अगदी थोड्या अंतरात पूर्ववत होतो. ट्रिगरची लांबीही बदलता येते. आखूड बोटांसाठी आखूड ट्रिगर आणि पातळ मूठपट्ट्या लावल्या की तेच पिस्तूल वेगळे वाटू लागते.

मात्र १९११ हे एका पिस्तुलाचे नाव राहिलेले नाही, ते अनेक कारखान्यांत बनणारे एक घराणे आहे आणि त्यात अतिशय सामान्य मालही पुष्कळ आहे. निवडताना रिकामे असल्याची दोनदा खात्री करून स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण पुढे असताना नळीच्या मागच्या भागावर, काडतूस बाहेर पडते त्या खिडकीतून, अंगठ्याने खाली दाब द्यावा. तिथे नळी हलली तर जुळणी सैल आहे असे समजावे. मग स्लाइड सावकाश मागे ओढून तितक्याच सावकाश पुढे सोडावी. वाटेत कुठे खरखर किंवा अडखळ जाणवता कामा नये. हाताने जुळवलेल्या पिस्तुलात ती तुपावरून सरकावी तशी सरकते.

काडतुसाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. मूळ .४५ ची गोळी साधारण १५ ग्रॅमची असते, तर ९ मिलिमीटरची प्रचलित गोळी ८ ग्रॅमची. पोलादी, किलोभराच्या पिस्तुलातून दोन्ही सोसतात, पण शंभर फैरींनंतर हाताला आणि मनाला फरक कळतो. तुम्हाला सावकाश, नेमके मारायचे असेल तर याच घराण्यातले ९ मिलिमीटरचे पिस्तूल घेण्यात काहीही कमीपणा नाही.

चौथी गल्ली

अभिनंदन. वर कुणी पॉलिमरचे नाव काढले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. ग्लॉक १७ हे १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतले तेव्हा प्लॅस्टिकचे पिस्तूल म्हणून त्याला नाके मुरडली गेली होती. आज जगभरातली असंख्य पोलीस दले तशाच बांधणीची पिस्तुले वापरतात, कारण ती गंजत नाहीत, हलकी असतात आणि घाणीतही चालतात. दर्जा म्हणजे काम न अडणे असे मानले तर ती कुणापेक्षाही उणी नाहीत. माझे स्वतःचे पिस्तूल तसेच आहे आणि मी समाधानी आहे.

संथश्वास (धागाकर्ती)

आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. केंद्रावर मी तीन वर्षे पॉलिमरचेच पिस्तूल वापरले आणि त्याने मला एकदाही दगा दिला नाही. तरीही या वेळी मला लाकूड आणि पोलाद हवे आहे, कारण ही वस्तू मी साफ करताना, तेल लावताना, कोपऱ्यांवरची झीज पाहताना तिच्यासोबत म्हातारी होणार आहे. पॉलिमरची चौकट पन्नास वर्षांनी वाईट होईल असे मी म्हणत नाही. तिच्यावर माझ्या हाताची खूण तशी उमटणार नाही, एवढेच माझे म्हणणे.

सहाबारी

संथश्वास, तुमचा मुख्य उपयोग सावकाश नेमबाजी हा असल्यामुळे मी रिव्हॉल्व्हरची बाजू मांडते. मी स्वतः अठरा वर्षे सहाबारीच चालवते आहे.

.३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ साली आले, परंतु त्या शस्त्रातून .३८ स्पेशलही चालते, आणि लक्ष्यावरच्या नेमबाजासाठी खरा लाभ त्यातच आहे. सपाट तोंडाची, मंद वेगाची .३८ ची गोळी कागदात कात्रीने कापल्यासारखे गोल भोक पाडते. जवळजवळ सव्वा किलो वजनाच्या, सहा इंची नळीच्या ६८६ मधून ती सुटते तेव्हा धक्का इतका सौम्य असतो की माशी जागची फारशी उठतच नाही. काडतुसाची टरफले इकडेतिकडे उडत नाहीत. एक बारीकशी काळजी मात्र घ्यावी लागते. आखूड .३८ बराच काळ चालवले की चकतीतल्या (काडतुसे धरणाऱ्या फिरत्या भागातल्या) घरांच्या आत काजळीचे कडे साचते आणि त्यानंतर लांब .३५७ काडतूस नीट बसत नाही. ब्रशने ते वेळच्या वेळी काढावे.

पायथन १९५५ साली बाजारात आली, २००५ मध्ये बंद झाली आणि २०२० मध्ये नव्या रूपात परत आली. जुन्या पायथनची निळी झिलई ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली आहे त्यांना ती विसरता येत नाही. धातूवर रंग चढवलेला आहे असे वाटतच नाही, खोल पाण्यात पाहिल्यासारखे वाटते. ती झिलई सुंदर दिसते ते तिच्याखालच्या पोलादाला हाताने दिलेल्या पॉलिशमुळे, रासायनिक प्रक्रिया त्यानंतरची. दोन्ही कंपन्यांच्या सवयी वेगळ्या आहेत. स्मिथ अँड वेसनची चकती मागून पाहताना डावीकडे फिरते, कोल्टची उजवीकडे. चकती उघडायची स्मिथची कळ पुढे ढकलायची असते, कोल्टची मागे ओढायची.

दुकानात जाल तेव्हा रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर तीन गोष्टी पाहा, अर्थात मालकाची परवानगी घेऊन. पहिली म्हणजे चकतीवर एक बोट अगदी हलके टेकवून हॅमर (काडतुसावर प्रहार करणारा मागचा भाग) सावकाश मागे घ्यायचा. हॅमर पूर्ण मागे अडकण्याच्या आधी किंवा त्याच क्षणी चकती आपल्या जागी कुलूप लावल्यासारखी बसली पाहिजे, आणि हे प्रत्येक घरासाठी वेगवेगळे तपासायचे, कारण पाच घरे बरोबर बसून सहावे आळशी निघू शकते. दुसरी म्हणजे हॅमर मागे असताना अंगठ्याने त्याला पाठीमागून हलका दाब द्यायचा, तो घसरून पुढे येता कामा नये. तिसरी म्हणजे शस्त्र उजेडासमोर आडवे धरून चकती आणि नळी यांमधली फट पाहायची. ती साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असावी आणि चकती पुढेमागे ढकलल्यावर ती फट बदलता कामा नये.

तुमच्या आखूड बोटांविषयी मात्र प्रामाणिकपणे सांगते. हॅमर आधी मागे घेऊन मारणार असाल तर काहीच अडचण नाही. केवळ ट्रिगर ओढून मारायचे ठरवले तर तो प्रवास लांब असतो, ओढ साडेचार-पाच किलोंच्या आसपास असते आणि बोटाचे पेर ट्रिगरवर नीट पोचले नाही तर प्रत्येक गोळी बाजूला जाते. म्हणून हातात धरून पाहिल्याशिवाय ठरवू नका.

शिसपेन्सिल

जुने घ्यावे की नवे, या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःच्या चुकीतून देतो.

पहिली पदोन्नती मिळाली तेव्हा मी एक जुने पोलादी ९ मिलिमीटर पिस्तूल घेतले. विक्रेत्याने ते "मूळ झिलईचे, फारसे न वापरलेले" म्हणून दाखवले आणि त्या चकचकीत निळाईने मी भारावून गेलो. घरी आणल्यावर एका संध्याकाळी दिव्याखाली ते निवांत पाहत बसलो असताना स्लाइडवरची अक्षरे काही ठिकाणी उथळ, जवळजवळ पुसट दिसली. कोपरे, जे नव्या पिस्तुलात धारदार असायला हवेत, ते साबणाच्या वडीसारखे गोलावले होते. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या आत दबलेल्या होत्या, कारण पॉलिशचे कापडी चाक तिथे दाबले गेले होते. शेवटी नळी काढून पाहिली तर तिच्यावरचा क्रमांक चौकटीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. म्हणजे गंजलेले, दोन शस्त्रांचे भाग एकत्र केलेले पिस्तूल पुन्हा घासून निळे केले होते. ते चालते, आजही चालते, परंतु ज्या दिवसाची आठवण म्हणून घेतले तो दिवस आठवला की मला ती फसवणूकच आठवते.

म्हणून जुने घेणार असाल तर सोबत एक भिंग आणि एक लहान विजेरी न्या, मूठपट्ट्या काढून आतला भाग पाहू देणाऱ्याकडूनच घ्या आणि पट्ट्यांखाली गंजाचे खड्डे आहेत का ते अवश्य पाहा, कारण झिलई करणाऱ्याला तेच खड्डे भरता येत नाहीत. नळीच्या आत पाहताना एखादी काळी अंगठीसारखी रेषा दिसली तर ती नळी कधीतरी आत अडकलेल्या गोळीमागून दुसरी गोळी मारल्याने फुगलेली असू शकते. अशा शस्त्राला हात लावू नका.

अर्धा श्वास

शिसपेन्सिल यांचा प्रतिसाद वाचून वाईट वाटले, आणि तो इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल आभारही.

ताई, मला वेगळेच सुचवायचे आहे. तुम्ही यादीत .२२ चे एकही पिस्तूल ठेवलेले नाही. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचे आहे, आणि महिलांची ऑलिंपिकमधली २५ मीटर पिस्तूल स्पर्धा, जी १९८४ मध्ये सुरू झाली, ती याच काडतुसावर खेळली जाते. त्या स्पर्धेत ट्रिगरची ओढ किमान १,००० ग्रॅम असावी लागते आणि पिस्तूल १,४०० ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. सावकाश टप्प्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा ५ सेंटिमीटर असतो. तुम्ही जे वर्णन केले आहे, म्हणजे श्वास, माशी आणि शांतता, ते सगळे याच प्रकारात सर्वांत शुद्ध रूपात मिळते. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल ४१ हे १९५७ पासूनचे पिस्तूल आजही नेमबाज जपून ठेवतात, आणि रुगरच्या मार्क ४ ची साफसफाईसाठीची उघडझाप एका बटणावर होते.

धक्का आणि आवाज कमी असल्यामुळे बिचकण्याची सवय लागत नाही. मोठे काडतूस चालवणाऱ्यांपैकी पुष्कळांची गोळी खाली-डावीकडे जाते ती नेम चुकल्याने नव्हे, तर आवाजाच्या अपेक्षेने मनगट आधीच खाली दाबल्याने. एक सूचना देतो. .२२ मध्ये रिकाम्या घरावर ट्रिगर मारण्याचा सराव तपासल्याशिवाय करू नका, कारण काही पिस्तुलांत फायरिंग पिन घराच्या काठावर आपटून खाच पाडते.

पोलादी

अर्धा श्वास यांचे म्हणणे सरावाच्या दृष्टीने अगदी योग्य आहे, परंतु .२२ हे तिचे दुसरे पिस्तूल असावे असे मला वाटते. आठवणीचे शस्त्र हातात वजनदार वाटावे, ही इच्छा मी समजू शकतो.

अर्धा श्वास

वजनदारपणा म्हणजे काडतुसाचा आकार नव्हे, एवढेच नम्रपणे नोंदवतो. मॉडेल ४१ हातात घेऊन पाहावे, ते किलोहून अधिक भरते.

संथश्वास (धागाकर्ती)

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. गेले दोन आठवडे मी केंद्रावरच्या सदस्यांच्या सौजन्याने यातली चार शस्त्रे प्रत्यक्ष चालवली. प्रत्येकातून पन्नास फैरी झाडल्या आणि प्रत्येक वेळी पहिल्या दहा गोळ्यांचा कागद जपून ठेवला.

६८६ ने मला चकित केले. हॅमर मागे घेऊन मारल्यावर दहापैकी सात गोळ्या नऊच्या वर्तुळात होत्या आणि भोके खरोखरच कात्रीने कापल्यासारखी होती. पण नुसता ट्रिगर ओढून मारायला गेले तेव्हा पेराऐवजी बोटाचे टोकच ट्रिगरवर पोचत होते आणि माशी थरथरत होती. मूठ बदलून पाहिली, फरक थोडाच पडला. सीझेड ७५ च्या वंशातले शॅडो २ हातात घेतले तेव्हा त्याचे वजन, जवळजवळ १,३३० ग्रॅम, आधी आवडले आणि तिसाव्या गोळीनंतर मनगटाला जाणवू लागले. तरी इतका कमी धक्का मी ९ मिलिमीटरमध्ये कधी अनुभवला नव्हता. १९११ चा ट्रिगर पोलादी यांनी सांगितला तसाच होता, त्याविषयी वाद नाही.

मग एका ज्येष्ठ सदस्यांनी त्यांची सध्याच्या बनावटीची पी-२१० टार्गेट दिली. ती हातात घेतल्यावर मला मुठीची जागा शोधावी लागली नाही. डोळे मिटून हात वर केला आणि डोळे उघडले तेव्हा माशी मागच्या खाचेत मधोमध होती. असे तीनदा करून पाहिले आणि तिन्ही वेळा तसेच झाले. बाकीच्या तिन्ही शस्त्रांत मला मनगट थोडे वळवावे लागत होते. त्या कागदावर आठ गोळ्या नऊच्या आत, त्यातल्या चार दहामध्ये. माझी आजवरची ती सर्वोत्तम दहा गोळ्यांची फैर आहे.

तरी एका दिवसाच्या आनंदावर निर्णय घ्यावा का, अशी शंका मनात आहे. शिवाय पी-२१० विषयी जुन्या तक्रारीही वाचल्या आहेत.

जुना कारागीर

मी चाळीस वर्षे शस्त्रदुरुस्तीचे काम केले, आता दृष्टी साथ देत नाही म्हणून बंद केले आहे. तुमच्या शंकेचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पी-२१० ची मुळे शार्ल पेतर यांच्या फ्रेंच रचनेत आहेत. तिचे हक्क घेऊन सिगने ती आपल्या पद्धतीने घडवली आणि स्विस सैन्याने ती १९४९ साली स्वीकारली. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड चौकटीच्या बाहेरून, तिला मिठी मारल्यासारखी सरकते. पी-२१० मध्ये उलटे आहे, चौकटीच्या आतल्या खाचांत स्लाइड बसते आणि त्या खाचा जवळजवळ पूर्ण लांबीभर असतात. आधार लांब असला की डगमग कमी होते, हे सुताराच्या खणालाही लागू आहे. १९७५ मध्ये आलेल्या सीझेड ७५ मध्येही कौत्स्की बंधूंनी हीच कल्पना वापरली, म्हणून ती दोन्ही पिस्तुले हातात घेतल्यावर नात्यातली वाटतात.

जुन्या पी-२१० बद्दलच्या तक्रारी खऱ्या आहेत. मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) सोडण्याची खिट्टी मुठीच्या तळाशी होती, त्यामुळे ते काढायला दुसरा हात लागे. सुरक्षा कळ अंगठ्याला अवघड जाई. आणि मांसल पंजाच्या नेमबाजाला हॅमर अंगठ्याखालच्या कातडीत चावत असे. मी अशा कित्येक हातांवर पट्टी बांधलेली पाहिली आहे. तुम्ही चालवलेल्या सध्याच्या बनावटीत खिट्टी ट्रिगरजवळ बाजूला आली आहे, कळ सुधारली आहे आणि चौकटीची शेपटी लांबवली आहे. मॅगझीनमध्ये आठच गोळ्या बसतात, पण एका रांगेत बसत असल्यामुळे मूठ सडपातळ राहते, आणि तुमच्या हाताला ती म्हणूनच लागू पडली. डोळे मिटून हात उचलण्याची जी चाचणी तुम्ही केली, तीच मी गिऱ्हाइकाला सर्वांत आधी करायला सांगत असे. एका दिवसाचा आनंद फसवू शकतो, मनगटाची ठेवण फसवत नाही. आणखी एकदा, थकलेल्या दिवशी, जाऊन करून पाहा.

आता कोरण्याविषयी. कोरीव काम करायचेच असेल तर ते झिलईच्या आधी व्हावे लागते. तयार पृष्ठभागावर कोरले की तिथला संरक्षक थर जातो आणि त्या रेषांत पहिला गंज बसतो. चौकट आणि स्लाइड यांवरच्या क्रमांकाला, त्याच्या आसपासच्या जागेलाही, कधीही हात लावू नये. तो क्रमांक बिघडवणे हा गुन्हा ठरतो. आणि मनापासून सांगायचे तर पोलादावर कोरलेले नाव पुढच्या पिढीच्या हातात परके वाटते. त्यापेक्षा अक्रोडाची मूठपट्टी स्क्रू काढून उतरवा आणि तिच्या आतल्या बाजूला तारीख आणि प्रबंधाचे नाव साध्या पेन्सिलीने लिहा. साफसफाईला पट्टी काढाल तेव्हाच ते दिसेल, आणि ज्याला दिसायला हवे त्यालाच दिसेल. मी माझ्या गुरूंच्या पिस्तुलाच्या पट्टीमागे त्यांच्या हाताची तशी एक तारीख पाहिली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे.

सहाबारी

हॅमर मागे घेऊन मारलेल्या तुमच्या कागदाचा मला आनंद झाला, पण जुना कारागीर यांच्याशी मी सहमत आहे. हात ज्याला "हो" म्हणाला आहे तेच घ्यावे. आणखी एक विनंती करते. समारंभाच्या दिवशी घरी माणसे येतील, कौतुकाने "दाखवा ना" म्हणतील, कुणी मद्य घेतलेले असेल. त्या दिवशी तिजोरी उघडू नका. ज्यांना दाखवायचे असेल त्यांना नंतर केंद्रावर बोलवा, कानांवर संरक्षक आणि डोळ्यांवर चष्मा घालून. बंदिस्त जागेतला पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि त्याने एकदाच झालेली इजाही भरून येईलच असे नाही.

चौथी गल्ली

आणि ते चामड्याच्या म्यानात घालून तिजोरीत ठेवू नका. चामडे दमटपणा धरून ठेवते, कमावण्यातले क्षारही त्यात असतात, आणि स्टेनलेस पोलादालाही डाग पडतात. माझ्या वडिलांच्या रिव्हॉल्व्हरवर म्यानाच्या शिवणीची रेघ कायमची उमटलेली आहे.

संथश्वास (धागाकर्ती)

जुना कारागीर यांच्या सांगण्यावरून मी काल, सलग दहा तासांच्या कामानंतर, पुन्हा केंद्रावर गेले. डोळे दुखत होते आणि खांदे आखडले होते. पी-२१० घेऊन डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. माशी खाचेत मधोमध होती. गोळ्या आधीइतक्या चांगल्या लागल्या नाहीत, सहाच नऊच्या आत गेल्या, पण विखुरल्या नव्हत्या. सगळ्या एकाच बाजूला, थोड्या खाली होत्या. म्हणजे बिचकत मी होते, पिस्तूल जागच्या जागी होते.

नवीच पी-२१० टार्गेट घेण्याचे ठरवले आहे आणि आज मागणी नोंदवली. वर्षभराने .२२ घेण्याचा विचार अर्धा श्वास यांच्यामुळे पक्का झाला आहे. पोलादावर काही कोरणार नाही. मूठपट्टीच्या आतल्या बाजूला लिहायची तारीख मात्र मी बदलली आहे. प्रबंध मान्य झाला ती तारीख प्रमाणपत्रावर आहेच. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या वहीत पहिले पान लिहिले त्या दिवसाची तारीख कुठेच नोंदलेली नाही, ती तिथे लिहीन. लिहिल्यावर पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून काय करावे, एवढे कृपया सांगा.

जुना कारागीर

बारीक टोकाची, मध्यम कठीण पेन्सिल घ्या आणि लाकडात खोल न रुतवता लिहा. मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोनच थेंब मऊ कापडावर घेऊन अक्षरांवर टिपल्यासारखे लावा, घासू नका, नाहीतर शिसे पसरेल. एक दिवस वाळू द्या आणि दुसऱ्यांदा तसेच करा. आतून तेल मिळालेले लाकूड घामाने आणि दमटपणाने कमी फुगते, हा त्याचा वेगळा फायदा. तेलाचे कापड मात्र चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि घडीत कोंडलेले कापड आपोआप पेट घेऊ शकते. ते उघड्या जागी सपाट पसरून वाळवा आणि पूर्ण कडक झाल्यावरच टाका. पट्टी परत बसवताना स्क्रू बोटांनी बसेल तेवढा बसवून मग पेचकसाने अगदी पाव वळसा द्या. अक्रोड जास्त दाबले तर भोकापासून चिरते.